मृगाआधी नेलेले विमान

मी सालोमी शमुवेल वाघचौरे, वय ५७, पूर्वी मुलींच्या शाळेत शिक्षिका, हल्ली घरीच, राहणार शरणपूर, नाशिक, आज ता. ३० मे १९३९ रोजी शहर ठाण्यात फौजदारसाहेबांसमोर हजर राहून सांगते ते असे:

आरोपी हबीब महेबूब कोकणी, पतंगवाला, यास मी कधीपासून ओळखते, असे विचारण्यात आले. साल आठवत नाही. माझे यजमान नाशिक रोड स्टेशनवर तारमास्तर होते. एका संध्याकाळी ते व्हरांड्यात बांबूची कामटी वाकवत होते आणि ती मोडत होती. फाटकाशी पतंग घेऊन उभा असलेला एक माणूस म्हणाला, "मास्तर, तिच्यावर रागावू नका. किटलीच्या वाफेवर धरा." धरली, तीही मोडली. पुढची वाकली. किटली माझी असल्याने त्या दिवशी चहा उशिरा झाला व तिघांनी मिळून घेतला. तेव्हापासून ओळखते.

ज्याच्या चोरीची फिर्याद आहे ते सदर विमान माणूस बसण्याचे नव्हे, लहान नमुन्याचे, पण खरोखर उडणारे आहे. पंख्याला पेट्रोलचे लहान एंजिन असून पोटात बिनतारी यंत्र आहे. जमिनीवरच्या पेटीचे बटण दाबले की शेपटीचे सुकाणू वळते. यंत्र यजमानांनी केले. परवाना त्यांच्या नावे असून तो हजर केला आहे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा व कामट्यांचा सांगाडा हबीबने केला. वरचे रेशीम ओले करून मी ताणून धरत असे.

घरी स्वस्थ टांगलेली वस्तू नेण्याचे कारण काय, असे साहेबांनी विचारले. कारण पाऊस. सांधे चिकटवलेला सरस ओल धरतो. मृग लागण्याआधी प्रत्येक सांधा नखाने दाबून पाहावा लागतो. हलला तर जुना सरस खरवडून, नवा गरम लावून, दोऱ्याने बांधून ठेवावा. पंख आवळायचे रबर धुऊन शंखजिऱ्याच्या पुडीत ठेवावे, नाहीतर ते चिकटते आणि ऐन वेळी तुटते. बॅटरीचे सेल काढून ठेवावेत; पाझरले तर तारा खातात. रेशमावर रोगणाचा हात फिरवला की पंख फळीवर वजनाखाली वाळवावा. तसे न केल्यास त्याला पिळा पडतो व विमान एका अंगावर कोसळते.

या रोगणाला पिकलेल्या केळ्यांसारखा वास येतो. तो मला सोसत नाही, म्हणून हे काम पहिल्यापासून कोकणीपुऱ्यात हबीबच्या माडीवर होते. यजमान म्हणत, "आमचं विमान माहेरी गेलं." हबीब म्हणे, "न्यायला तुम्हीच यायचं मास्तर, आणि रिकाम्या हाताने नाही."

यजमान गेल्या नोव्हेंबरात वारले.

शनिवारी मी पंचवटीत भाजीला गेले असता हबीब मागच्या दाराने शेडमध्ये आला, पंख सोडवले आणि सर्व चादरीत बांधून डोक्यावरून नेले. लपवून नेले नाही. चादर अपुरी होती, शेपूट बाहेर होती. शेजारीण गोजराबाईंनी हाक मारली, "काय रे हबीब, लेक माहेरी चालली का?" एरवी तो यावर हसतो. त्या दिवशी हसला नाही, असे त्या सांगतात.

माझे दीर श्री. नथानेल वाघचौरे मालमत्ता पाहण्यास नगरहून आले आहेत. रिकामी खुंटी पाहून त्यांनी मला न विचारता फिर्याद दिली. हबीब तेव्हापासून कोठडीत आहे.

साहेब म्हणाले, "बाई, परवानगी दिली होती एवढं म्हणा, आत्ता सोडतो त्याला." मला तसे म्हणता येत नाही. परवानगी त्याने कधी मागितली नाही व आम्ही कधी दिली नाही. त्यावर दीर म्हणाले, "वहिनी, मग ही चोरीच." मी म्हटले, "भाऊजी, दर नाताळात तुम्ही आमच्याकडे येता ते विचारून येता का?" हे लिहू नये असे हवालदारांचे मत पडले. मी लिहावयास सांगितले आहे.

मालक मयत असता कोणाच्या सांगण्यावरून नेले, या प्रश्नावर आरोपी गप्प राहिला, असे मला कळले. त्याबद्दल एवढेच सांगते की, मी भाजी घेऊन परतले तेव्हा खुंटी रिकामी दिसली. पाऊस जवळ आला, असे मनात आले. चोरी झाली असे आले नाही. मी चहाला आधण ठेवले ते तिघांचे होते.

विमान कोणाचे, हे आमच्या घरी कधी ठरले नाही. कायद्याने ते माझे ठरत असेल, तर माझी काहीही तक्रार नाही.

हवालदारांनी हे सर्व मला सावकाश वाचून दाखवले. पेट्रोलच्या जागी रॉकेल पडले होते, ते दुरुस्त करविले. बाकी मी बोलले तसेच आहे.

मुद्देमालाविषयी खाली जोडून घ्यावे. शेडमधील करवती, पटाश्या व बाक दिरांनी न्यावेत. बिनतारी पेटी सरकारने ठेवावी. परवाना माझ्या नावे व्हावा म्हणून अर्ज सोबत दिला आहे; तो मंजूर झाल्यावर पेटी मला द्यावी. विमान हबीबला द्यावे, आणि आजच द्यावे. माझ्या हातून देवविले तर ते बक्षीस दिसेल. ज्याच्या हातातून घेतले त्याच्याच हातात साहेबांनी ठेवावे. आधी पंख, मग धड. धरताना बोटे कामट्यांवर असावीत, रेशमावर नकोत.

सही: सालोमी श. वाघचौरे