जसंच्या तसं

वाद्यांच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक पिकल्या केसांचा गिटारवाला उभा होता.

काउंटरवरचा पोरगा त्याला म्हणाला, "काका, हे छोटं डिजिटल डिलेचं पेडल घ्या. वाजवाल ते मागून जसंच्या तसं परत देतं."

"आणि ते दुसरं?"

"ते प्रयोगवाल्यांचं. सुरांची पार मोडतोड करतं. कधी काय काढेल, नेम नाही."

"तेच दे."

"कार्यक्रमात फजिती होईल हो!"

"माझा धाकटा भाऊ असाच वाजवायचा. मी सरळ वाजवलं की मागून भलतंच काढायचा. मीच चारचौघांत झापून बँडमधून काढलं त्याला."

"मग त्यांनाच बोलवा की परत."

"काल गेलो होतो. म्हणाला, 'दादा, आता तू सांगशील तसंच वाजवीन.'"

"मग अडलं कुठे?"

"अगदी तसंच वाजवलं रे त्याने."