ग्रॅनाइटचा एक मार्क

मेहकरच्या स्टँडवर देवानंद सर बीबीच्या गाडीची वाट पाहत बसले होते. भरतीच्या परीक्षेचा त्यांचा क्लास बंद पडून वर्ष झालं होतं. मागच्या बाकावर दोन पोरी बोलत होत्या.

"यादीत नाव नाही आलं वं रुपाली?"

"एका मार्कानं गेलं. लोणारचं सरोवर कोणत्या खडकात आहे, विचारलं होतं. म्या ग्रॅनाइट लिहलं."

"लोणारजवळच्या बीबीची असून? बेसाल्ट आहे ना वं ते!"

"देवानंद सरायच्या नोट्समधी ग्रॅनाइट होतं."

"दोनशे रुपये देऊन घेतल्या होत्या?"

"काऊन देऊ? एकानं घेतल्या अन् फोटो काढून ग्रुपवर टाकल्या. समद्यायले फुकट."

"मंग भरतीच्या ॲपवर तरी पाहाचं."

"पाह्यलं ना. ॲपवाल्यायनं त्याच नोट्स उचलल्या. पहिले फुकट देल्या, सरायचा क्लास बुडाला, आता दोन हजार घेतात. तिथंबी ग्रॅनाइटच. दोन्हीकडं एकच, म्हणून मी पक्कं समजली."

"पुढच्या भरतीले बस."

"वय बसत नाही. बाबानं चिखलीचं स्थळ पाह्यलं."

सरांनी मान वळवली नाही. नोट्स कोण चोरतं ते कळावं म्हणून दर वर्षी एक उत्तर ते मुद्दाम चुकीचं छापत, आणि पैसे भरलेल्या पोरांना वर्गात तोंडी दुरुस्त करून देत.

पाटी नसलेली गाडी लागली. रुपाली पिशवी उचलून त्यांच्यापुढे आली.

"काका, बीबीचीच ना ही? पक्कं?"

सर उठले आणि कंडक्टरला विचारायला गेले.