दोघींना एकच अक्षर

प्रवेशाच्या खिडकीमागे शिक्के मारता मारता कारकूनबाईंचे कान रांगेतल्या बापलेकीकडे लागले होते.

“उत्तर बरोबर, मग गुण का कापले?”

“बाबा, कुठल्याही दोन विषम संख्यांची बेरीज सम येते, हे सिद्ध करायचं होतं. मी दोघींना एकच अक्षर दिलं.”

“मग बिघडलं काय?”

“दोघी सारख्याच धरल्या ना! तीन अधिक तीनचं झालं, तीन अधिक पाचचं राहूनच गेलं. दुसरीचा मी विचारच केला नाही.”

“नुसता कीस पाडतात मेले!”

“पुढे या,” बाई म्हणाल्या.

“दोन अर्ज द्या. जुळ्या आहेत. दोघींना इंजिनिअरिंगच.”

“दुसरी कुठंय?”

“घरी. हिचंच बघून भरतो की...”

वडिलांचं पेन कागदावर टेकलं, पण हललं नाही.

“फोन दे गं तुझा. तिला काय हवंय, विचारतो.”