एकाच हंडीतलं सरबत

भिकाबाई : खरबूज एवढं बारीक काहून चिरून राहिलीस, लेकी? वरण करायचंय का त्याचं?

निता : फोडी पेल्यात मावल्या पाहिजेत, याडी. आंबा झाला, द्राक्षं झाली. आता हंडीत ही शेवटची बाटली.

भिकाबाई : कसली गं?

निता : पांढऱ्या वाईनची. पुण्याला आम्ही ऑफिसातल्या पोरी उन्हाळ्यात जमलो की हेच करतो. फळं तासदोन तास मुरवायची, मग सोडा, बर्फ, पुदिना. सांग्रिया म्हणतात.

भिकाबाई : नाव कायबी ठेवा. आईच्या नाकाला वास दारूचाच येऊन राहिला. सकाळी बानं काय बजावलं तुला?

निता : दिपकच्या घरचे येतील, चहा पितील अन् जातील. दारूचा थेंब काढायचा न्हाई.

भिकाबाई : काहून, ते ठावं हाय ना?

निता : ठावं आहे की. दोन्हीकडच्यांनी तांड्याच्या नायकासमोर एका हंडीतली दारू घेतली, की आपल्यात सोयरीक पक्की. मग मोडता येत नाही. अन् बांना तर रविवारी वसमतचा तलाठी बघायचाय. दिपकची रोपवाटिका त्यांना धंदाच वाटत नाही. दोनदा चहावर बोळवण केली त्या लोकांची. आज तिसरी खेप, नायकाला घेऊन येताहेत.

भिकाबाई : मंग हे सरबत म्हणून पाजणार तू?

निता : मी फक्त 'घ्या' म्हणणार. सरबत त्यांनी म्हणावं.

भिकाबाई : कार्टे! ...साखर टाक आजून. वसराम नायकाला आंबट चालत न्हाई.

(दोन तासांनी. पाहुणे ओसरीवर. पुनमचंद रिकामा जग घेऊन आत येतो.)

पुनमचंद : निते, ते सरबत हाय का आजून? दिपकचा बाप तिसरा पेला मागून राहिला.

निता : तुम्ही घेतलं का, बा?

पुनमचंद : दोन घेतले. उन्हाचं बरं वाटलं.

भिकाबाई : अन् नायकानं?

पुनमचंद : त्यानं फोडीबी सोडल्या न्हाईत. वर म्हणतो, पुनमचंद, पोरीनं नशीब काढलं. चहापाण्यात कसलं आलंय नशीब? ...तुमी दोघी काहून हसून राहिल्या?

निता : बा, त्यात वाईन आहे. द्राक्षाची दारू.

पुनमचंद : ...किती?

निता : तीन बाटल्या.

पुनमचंद : आत्ता सांगतो नायकाला. फसवून पाजलेली धरत न्हाईत.

भिकाबाई : सांगा की. चाळीस वर्सं पंचात बसलेल्या माणसाला दारू अन् सरबतातला फरक कळला न्हाई, आसं व्याह्यासमोर सांगा. मानतो का बघू.

पुनमचंद : त्याला पहिल्या घोटालाच कळलं आसंल.

भिकाबाई : अन् तुमाला?

पुनमचंद : मला कुठं कळलं?

भिकाबाई : दुसरा पेला मागितला तवाबी न्हाई?

पुनमचंद : तू गप बस. निते, इकडं बघ. तलाठ्याच्या घरी दर महिन्याला पगार आला आसता. ह्या रोपवाल्याकडं गारपीट झाली की उपास. पुढं रडत आलीस तर?

निता : रडत नाही येणार. अन् आलेच, तर तुमच्याकडंच येईन ना, बा.

पुनमचंद : ...धर हा जग. नायक वाट बघून राहिला.

निता : हंडीतलं तेच भरू?

पुनमचंद : तेच. बर्फ तेवढा कमी टाक.