पाळणा मेलबर्नला जातो

अहो पण लाकूड म्हणजे काय बॉम्ब आहे का? साधा सागवानी पाळणा! माझ्या आजोबांनी इथेच गिरगावात करवून घेतलेला, त्यात मी झोपलो, माझी देविका झोपली, आता देविकाला मेलबर्नला बाळ व्हायचं, तर बारशाला घरचाच पाळणा असावा, एवढीच आमची इच्छा... काय चुकलं सांगा!

तर तुम्हाला सांगतो, परदेशी सामान पाठवणारा वडाळ्याचा एजंट गाठला, हितेंद्रभाई. "काका, घरचा सामान ना? टेन्शन नाय लेनेका! लाकडाला औषधाचा धूर द्यायचा, लिस्ट बनवायची, जे खोक्यात तेच लिस्टमधे, बस!" बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा यादी करायला शिकवतोय! मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सागवानी पाळणा, एक, रिकामा.' खाली सही. धुराचं सर्टिफिकेट जोडलं. झालं?

डोंबल झालं! आमची बायको, नलू! खोक्याला खिळे मारायच्या आधी मी सुतारासाठी चहा सांगायला खाली उतरलो, तेवढ्यात हिने डाव साधला. का? तर म्हणे रिकामा पाळणा पाठवू नये! बारशाला बाळाच्या आधी वरवंटा घालतात ना पाळण्यात? हिने घरचा वरवंटा घेतला, त्याला झबलं चढवलं, कुंची बांधली, दुपट्यात गुंडाळला, वर काजळाची तीट लावली... दगडाला! दृष्ट लागू नये म्हणून! शेजारी ओंजळभर गहू नि पाच खारका. आणि मला? चकार शब्द नाही.

दीड महिन्याने तिकडच्या कस्टम्सची मेल. 'महोदय, आपल्या रिकाम्या पाळण्यात कुणीतरी आहे.' अहो एक्स-रेत बाळाएवढं गुंडाळलेलं दिसतंय, हालचाल नाही, साहेबाची काय पाचावर धारण बसली असेल! खोका फोडला, कुंची सोडली, आत वरवंटा. दगडाचं काही नाही म्हणाले, पण हे गहू कसले? त्यात किडा निघाला. जिवंत! नलूने मुद्दाम बिनफवारणीचे घातलेले, नातवंडाला औषध नको म्हणून! झालं, पाळणा क्वारंटाइनमध्ये.

"नलू, अगं का केलंस हे?"

"रिकामा पाळणा पाठवू नये!"

"अगं, ते लेखी कारण मागतायत!"

"मग लिहा की! लाज कसली त्यात? रिकामा पाळणा पाठवू नये!"

लिहिलं हो इंग्रजीत, काय करता? उलट टपाली प्रश्न, 'हे कोणत्या कलमाखाली?' आता हिला कलम विचारू? माझ्याच पाठीत लाटणं बसलं असतं!

इकडे मेल, तिकडे मेल, पुन्हा धूर... आणि बारसं आलं. देविकाने काय करावं? कपडे धुवायची प्लास्टिकची टोपली! दोन मैत्रिणींनी टोपलीच्या कानांना धरून झोके दिले, वरवंटाही अडकलेला म्हणून आधी थर्मास झोपवला, मग नातीला. नाव ऋग्वेदा. आम्ही इथे मोबाइलवर बघतोय... खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. नलू तर पदर तोंडाला लावून बसली, मग दोन दिवस माझ्यावरच भांडी आपटत होती, जसं काही किडा मीच सोडला होता!

मग एक दिवस देविकाचा फोन. "बाबा, रजा आहे, बाळाला घेऊन येते, तुम्हाला दाखवते." आली! चार महिन्यांची पोर, विमानतळावर कस्टम्सवाल्याने गाल ओढला नि सोडून दिली, ना धूर ना यादी! नलूने कपाटातलं मऊ लुगडं काढलं, कडीला झोळी बांधली, दोन झोके दिले... पोरगी ढाराढूर.

आणि टिंग! मेल. 'महोदय, अभिनंदन, आपला पाळणा मुक्त झाला. आज मुलीच्या पत्त्यावर नेला असता दार बंद आढळले. पाळणा बाळाच्या घरच्यांनाच सुपूर्द करायचा आहे. कृपया कळवावे, बाळ कुठे आहे?'

काय कळवणार कपाळ! लिहिलं... 'गिरगावात.'