गार असताना सुरू होते

लमजद: आणि आज सकाळी?

मोंजी: आजही. बटण दाबलं की लगेच. रोज जेट-स्की पाण्यात सोडतो, रोज सुरू होते. जसं काही घडलंच नाही.

लमजद: मग माझ्याकडे कशाला आणलीत, रईस? धडधाकट माणसाला कुणी डॉक्टरकडे नेतं का?

मोंजी: रईस म्हणजे होडीचा कप्तान, जेट-स्कीचा नाही. केलिबियाच्या बंदरावर इंजिनवाला तू एकटा. न्हाव्याकडे नेऊ?

लमजद: न्हावी निदान चहा तरी पाजेल. बसा. रागावू नका. मला एवढंच सांगा, तुम्हाला हिच्यात नेमकं काय सापडायला हवंय?

मोंजी: बिघाड.

लमजद: आणि नसलाच तर?

मोंजी: तुला गावातलं बोलणं माहीत आहे, लमजद. माझ्याकडून कशाला वदवून घेतोस?

लमजद: मी वर्कशॉपमध्ये असतो. इथे हातोड्याचा आवाज असतो, बोलणं ऐकू येत नाही.

मोंजी: मग ऐक. ज्या होडीवाल्यांना ही दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रात तरंगताना सापडली, त्यांनी बटण दाबलं आणि ही एका दमात सुरू झाली. चालवत आणली त्यांनी. सगळं गाव धक्क्यावर उभं होतं. माझा वजदी मात्र नंतर सापडला, किनाऱ्याला लागलेलं प्रेत. आता लोक विचारतात, जेट-स्की चालू होती तर पोरगा तिच्यावर बसून परत का आला नाही?

लमजद: लोकांना काय.

मोंजी: लोकांचं सोड. त्याची आई, मबरूका, विचारते. माझं जेवण वाढते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. एकदाच म्हणाली, "त्याला यायचंच नव्हतं का?" तो गेला त्या सकाळी मी त्याला सगळ्या खलाशांसमोर बोललो होतो ना. जाळं ओढता येत नाही, तू माझ्या घरात नुसता खायला आहेस, असं. काही न बोलता तो ही घेऊन गेला.

लमजद: बाप बोलतात, रईस. माझा तर मला पान्यानं मारायचा.

मोंजी: तू परत घरी जायचास.

लमजद: हं. उठा. गार इंजिनावर कसली परीक्षा? हिला बाहेर नेऊन चांगली घामाघूम करू. त्या दिवशी तो काय करत होता?

मोंजी: ऑक्टोपस मारायला गेला असणार. खडकांपाशी थांबायचं, इंजिन बंद करायचं, बुडी मारायची. चाकू असायचा कमरेला.

लमजद: म्हणजे जोरात पळवली, मग बंद करून ठेवली. आपणही तसंच करू. माझ्या मागे बसा आणि मला घट्ट धरा. तुम्ही पडलात तर मबरूकाबाई मलाही भिंत दाखवतील.

(दोघे खाडीच्या तोंडापर्यंत जोरात फेरी मारून धक्क्याला परत येतात. लमजद इंजिन बंद करतो. पुदिन्याचा चहा होतो, पिऊनही होतो.)

लमजद: आता झाकणाखाली उष्णता कोंडली असेल. दाबा तुम्हीच.

मोंजी: मी?

लमजद: दाबा, रईस.

मोंजी: दाबलं. नुसतं टक् केलं.

लमजद: पुन्हा.

मोंजी: टक्. पुन्हा टक्. लमजद, ही सुरू होत नाहीये.

लमजद: थांबा, घाई नको. चालवणारा मनगटाला बांधतो ती दोरी आणा इकडे. तिची क्लिप नीट बसली नाही तरी ही रुसते.

मोंजी: बसली आहे.

लमजद: हो, आणि तसं असतं तर टक्देखील झालं नसतं. म्हणजे बटण ठीक. बॅटरी बघू. सीट काढतो. मीटर म्हणतोय भरलेली. अरे.

मोंजी: काय?

लमजद: ही टोकं तुम्ही घासलीत?

मोंजी: मी सीट कधी उघडलीच नाही.

लमजद: नक्की?

मोंजी: बटणाशिवाय कशाला हात लावला असेल तर हा हात गळून पडो.

लमजद: ही बॅटरी रमजानच्या आधी मीच बसवली होती. तेव्हा टोकं कोरी होती. एव्हाना काळवंडायला हवी होती, उलट बघा, चकचकीत आहेत. पण कानस नाही वापरलेली, सगळे वेडेवाकडे ओरखडे आहेत. चाकूचे.

मोंजी: ज्यांना ही सापडली त्यांनी घासली असतील.

लमजद: त्यांना काय गरज? त्यांची तर एका दमात सुरू झाली ना. पहाटेपर्यंत इंजिन गार पडलं होतं, म्हणून झाली.

मोंजी: म्हणजे...

लमजद: म्हणजे वजदीनं बटण दाबलं, टक् झालं. पुन्हा दाबलं असेल, किती वेळा कोण जाणे. मग सीट उचलली. लाटांवर ओणवं होऊन, एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं दोन्ही टोकं घासली. मीच शिकवलं होतं त्याला. सुरू झाली नाही तर आधी बॅटरीची टोकं बघ, म्हणालो होतो.

मोंजी: त्या दिवशी गर्बी वारा होता.

लमजद: जमिनीवरून समुद्राकडे. हो. थांबलेल्या माणसाला तो वारा आत आत नेतो.

मोंजी: आणि शेवटी पोहत निघाला. किनाऱ्याकडे.

लमजद: किनाऱ्याकडेच, रईस.

मोंजी: जरा पाणी दे मला.

लमजद: हे घ्या. हळू प्या.

मोंजी: बरोबर जागा घासली त्यानं, मग सुरू का नाही झाली?

लमजद: ते कळायला ही जाड वायर लावतो. एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला, दुसरं थेट इंजिनाच्या अंगाला. आता दाबा.

मोंजी: झाली. लगेच झाली.

लमजद: म्हणजे काळ्या वायरचं पलीकडचं टोक खराब. खाली इंजिनावर बोल्टनं आवळलेलं असतं ते. चाकू घेऊन तिथे पोचणं शक्य नाही, पाना लागतो. मागे सरका, उजेड अडवताय. निघाला बोल्ट.

मोंजी: काय दिसतंय?

लमजद: गंज आहे. समुद्राचं मीठ, दुसरं काय. हिला कुणी सांभाळलंच नाही.

मोंजी: मला बघू दे.

लमजद: काळोख आहे खाली. तुम्हाला दिसायचं नाही.

मोंजी: या डोळ्यांनी मी अजून जाळ्याची गाठ पाहतो. सरक.

लमजद: रईस, ऐका माझं.

मोंजी: निळं आहे.

लमजद: (बोल्ट खिशात टाकत) सरका मागे.

मोंजी: माझ्या होडीचा निळा. वसंतात होडी रंगवली तेव्हा डबा उरला होता. त्याला म्हटलं, तुझं हे खेळणं मीठ खाऊन टाकेल, आण इकडे. नको म्हणत होता. एकेक बोल्ट काढून खाली रंग दिला, मग परत आवळला. माझ्या बापानं तसं शिकवलं. समुद्रावरचं लोखंड उघडं ठेवायचं नाही.

लमजद: होडीला ते बरोबरच आहे.

मोंजी: आणि हिला?

लमजद: सांगायलाच हवं का?

मोंजी: हो.

लमजद: रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम जायची, तेवढ्यावर गार इंजिन सुरू व्हायचं. गरम झालं की तेवढीही पुरायची नाही. म्हणून कधी व्हायची, कधी नाही.

मोंजी: तो सांगायचा मला, ही मधूनच दगा देते म्हणून. मी म्हणायचो, दगा तुझ्या हातात आहे.

लमजद: मी चावडीवर गंज म्हणूनच सांगेन. बोल्ट माझ्या खिशात आहे. दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही.

मोंजी: नको.

लमजद: मबरूकाबाईंचा विचार करा.

मोंजी: तिचाच करतोय. गंज म्हटलं तर उद्या कुणीतरी म्हणेल, लमजदनं म्हाताऱ्याची समजूत घातली. बापानं रंग लावला होता म्हटलं की कुणी वाद घालणार नाही. असली गोष्ट कुणी स्वतःवर खोटी घेत नाही.

लमजद: ती तुमच्याशी आहे तेवढंही बोलायची नाही.

मोंजी: नाही बोलली तर नाही. पण रात्री अंथरुणात तिला कळेल की तो घासत होता. आपल्याला टाकून गेला नाही. तू तो बोल्ट दे इकडे.

लमजद: घ्या. आणि आता ही दुरुस्त करू का?

मोंजी: कर. ती जागा चांगली खरवड, लोखंड पांढरं दिसेपर्यंत. मग ज्याला न्यायची त्याला देऊन टाक.

लमजद: मी सोडायला येतो घरी.

मोंजी: चालत जातो. वाटेत मला नीट जुळवायचंय, आधी काय सांगायचं ते.

लमजद: आधी काय सांगाल?

मोंजी: की तो घरी यायला निघाला होता.