नवा टेलस्टॉक

आमच्या यजमानांची विद्वत्ता सांगते, ऐका. त्यांनी वर्कशॉपातल्या लोखंड कातायच्या लेथला नवा टेलस्टॉक, म्हणजे दांड्याचे दुसरे टोक धरणारा भाग, बसवला. आणि धर्मा नाखव्याच्या होडीच्या पंपाचा दांडा एका टोकाला जाड निघू लागला. चार दिवस होडी रेवसला बांधून पडली. यजमानांच्या मते दोष कधी टेलस्टॉक बनवणाऱ्या कारखान्याचा, कधी खाऱ्या हवेचा.

मी विचारले, "अहो, बसवण्यापूर्वी खाली पुसलेत का?"

"अगं, हे शास्त्र आहे, देवाचा पाट नव्हे!"

मी टेलस्टॉक उचलायला लावला आणि खाली फडके फिरवले. त्याला तिरका बसवणारा लोखंडाचा कीस निघाला, पुढचा दांडा सरळ उतरला.

यजमान गंभीरपणे म्हणाले, "धर्मा, अलाइनमेंटमधली चूक फार सूक्ष्म असते."

"व्हय काका," धर्मा म्हणाला, "काकींच्या फडक्याला लागलीय ना ती!"